नाकाशी धरलेला प्लग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून मी आजवर काही लपवलं नाही — म्हणजे एवढं सोडून. तुला काऊन सांगून राहिलो? माहीत नाही गा. ऐक, बस.

गोंदियात माझं गॅरेज आहे. गाड्यांच्या इंजिनात कॉम्प्युटर यायला लागले तेव्हाची गोष्ट. जुने मिस्त्री त्या गाड्यांना हात लावायला भ्यायचे. मी नागपूरला शिकून आलो होतो, मला कशाची भीती? उलट घमेंड होती. फार होती.

राइस मिलवाल्या एका शेठची पेट्रोल गाडी माझ्याकडे यायची. चालवायचा धनराजभाऊ — केशोरी गावचा, माझ्याहून मोठा. एकदा गाडीचे टॅपेट गेले. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारे पार्ट. शेठला म्हणालो, कंपनीचेच टाकतो. टाकले लोकल. तुला वाटेल, हाच का तो गुन्हा? नाही, यात तर अर्धा बाजार येईल.

ते टॅपेट टकटक वाजायचे. आता जरा समजून घे, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनला एक सेन्सर असतो, त्याचं काम फक्त ऐकायचं. पेट्रोल अवेळी भडकलं की आत ठोका बसतो — आम्ही नॉकिंग म्हणतो. सेन्सरने तो ऐकला की कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो, अन् इंजिन वाचतं. पण ठोका कोणता अन् माझ्या टॅपेटची टकटक कोणती, त्या बिचाऱ्याला काय कळणार? तो सारखा बोंबलत राहिला, कॉम्प्युटर ठिणगी मागे नेत राहिला, अन् गाडीचा जोरच गेला. धनराजभाऊ म्हणाला, "काऊन गा, गाडी ओढूनच नाही राहिली?"

टॅपेट बदलले असते तर मिटलं असतं. पण शेठला काय सांगणार होतो? मी सेन्सर खोलला, खाली रबराचा वायसर टाकला, बोल्ट ढिलाच ठेवला. झाला बहिरा. गाडी पळायला लागली, शेठने पाठ थोपटली. लाज वगैरे काही वाटली नाही तेव्हा — मजाच वाटली.

उन्हाळ्यात धनराजभाऊ पुन्हा आला. आवाज वेगळा लागते, म्हणाला. मी बोनेटसुद्धा उघडलं नाही. तो तर पहिल्यापासूनच आहे, चालव बिनधास्त — असं मी म्हणालो. मीच.

मग शेठच्या घरच्यांना घेऊन चोरखमाऱ्याच्या तलावाकडे जाताना गाडी रस्त्यातच बसली. दुसऱ्या गाडीमागे बांधून, टोचन करून आणली. खोलली, तर पिस्टनला भोक. नॉकिंगने खाल्लेला पिस्टन. सेन्सर माझ्या रबरावर तसाच बसलेला होता.

शेठ उभा, बाजूला धनराजभाऊ. त्या काळात काही ड्रायव्हर टाकीतलं पेट्रोल काढून विकायचे अन् रॉकेल भरायचे. रॉकेलनेही पिस्टन असाच जातो. शेठने विचारलं, "मिट्टी का तेल डाला क्या इसने?" मला एक शब्दही बोलावा लागला नाही — तेच तर. मी इंजिनातून काढलेला प्लग उचलला. नाकाशी धरला. कशाचा वास येणार होता? जळकट, बस. अन् मी — मान हलवली. हो म्हणून.

"मायची आन शेठ, नाही," धनराजभाऊ एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे पाहत राहिला, की हा आता तरी काही बोलेल. मी पाना पुसत बसलो.

त्याची नोकरी तेव्हाच गेली. असा डाग लागलेल्याच्या हाती गाडी कोण देतो? तो केशोरीला परत गेला, दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायला, कापायला. इकडे त्याचं नाव पडलं, रॉकेलवाला. माझ्या गॅरेजमध्येही म्हणायचे. एकदा तर मी हसलोही.

अजून सांगायचं ते पुढेच आहे. काही वर्षांनी धनराजभाऊ आला, पोरीच्या लग्नाचं आवतण घेऊन. केस पांढरे झालेले. स्वतःच विषय काढला. म्हणाला, "मी खूप इचार केला भाऊ. तू खोटं बोलणारा नाहीस, वास आलाच असन. त्या टायमाला मी नव्या पंपावर भरलं होतं, त्यानंच मिसळलं असन. पण भरलं तर मीच ना? तुले उगाच मनात शिव्या दिल्या."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? आम्ही दोघंच होतो. कोण अडवत होतं? मी चहा मागवला अन् म्हणालो, जाऊ दे भाऊ, होते असं. माफ केलं मी त्याला — मी, त्याला! त्याचा चेहरा किती हलका झाला म्हणून सांगू. तेव्हा स्वतःची किळस आली.

लग्नाला गेलो. त्याने हाताला धरून मला पहिल्या पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं, आग्रह केला. मी पोटभर जेवलो.