उदबत्ती आणि बोंबील

आज कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये बोंबील भाजले आणि बरकतपुऱ्यातली आमची भाड्याची खोली आठवली. 'आम्ही मांस-मच्छी खात नाही,' असं सांगूनच आईने ती मिळवली होती. मला मात्र ती खरं बोलायला बजावायची.

एका दुपारी दार लोटून, उदबत्ती लावून ती बोंबील भाजत होती. तेवढ्यात मालकीणबाई आत आल्या. आईचा चेहरा उतरला. आता खोली जाणार!

"माहेरी खायचे मी," त्या हळूच म्हणाल्या. "एक द्या. आमच्या ह्यांना बोलू नका."

त्यांनी तो उभ्यानेच खाल्ला. संध्याकाळी नव्या भाडेकरूला त्याच ठणकावत होत्या, "इथं वशाट नक्को!"

तेव्हा मला दोघींचाही राग आला. आता कुतूहल वाटतं, एरवी त्या दोघी एकमेकींशी इतकं खरं कधी वागल्या असत्या का? आई मात्र त्यानंतर नेहमी एक बोंबील जास्त भाजायची.