अंबरनाथचा एकमेव रनिंग बॅक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगायला लागलो की माझंच तोंड आंबट होतं. आता काय सांगू तुम्हाला, लग्न जमावं म्हणून माणसं उपास करतात, अंगठ्या घालतात. मी अमेरिकन फुटबॉल खेळलो. कुळगावात! पपईने!

नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार. मी अंबरनाथच्या एका फॅक्टरीत स्टोअरचा क्लार्क, राहायला उल्हासनगर कॅम्प पाच. वय एकोणतीस. इतक्या मुलींनी नाकारलं होतं की पोह्यांच्या चवीवरून नकार ओळखायला लागलो होतो.

शेजारी लच्छूभाईंचा शिलाईचा कारखाना. परदेशी शर्टाचा एखादा नमुना पैदा करायचा आणि आठवड्यात तसेच ढीगभर शिवायचे, हा त्यांचा धंदा. एकदा त्यांनी मला झगझगीत निळा शर्ट दाखवला. पाठीवर हा एवढा थोरला पिवळा सत्तेचाळीस.

"साईं, अमेरिका के फुटबॉल का है! रनिंग बॅक पहनता है. बॉल बगल में दबाके भागता है, पूरी टीम पीछे. तू पहन, हीरो लगेगा!"

नमुन्याबरोबर आलेलं एक जुनं मासिकही त्यांनी दिलं. मी डिक्शनरी घेऊन ते वाचून काढलं. त्यात एका रनिंग बॅकचं अख्खं करिअर होतं. कॉलेजात कसा चमकला, मोठ्या टीमने कसा उचलला, कितीदा आपटला, सगळं. मी तर प्रेमातच पडलो!

आत्याने मला त्या शर्टात पाहिलं आणि विचारलं, "खेळतोस का रे हे?"

मी मिजाशीत म्हणालो, "मग काय!"

इथेच माती खाल्ली. आत्या स्थळं जमवायची. तिने बदलापूरच्या कुळगावात एका घरी सांगून टाकलं, मुलगा फॅक्टरीत आहे आणि अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू आहे. वर मला ताकीद, "तोच शर्ट घालून जायचं."

रविवारी मित्राच्या, मिलिंदच्या स्कूटरवरून आम्ही पोचलो. जयभीम झाला, पोहे आले, आणि पोह्यांबरोबर सुजाता आली. खरं सांगतो, इतक्या मुली पाहिल्या, पण मनापासून आवडलेली ही पहिलीच. शांतपणे बसली आणि थेट माझ्याकडे बघून हसली. म्हटलं, लेका, हे स्थळ हातचं जाता कामा नये!

तिचे काका जुने कुळगावकर. ते सरसावून बसले.

"खेळता कुठं?"

"अंबरनाथला."

"आमच्या अंबरनाथला? कंच्या मैदानात?"

"फॅक्टरीच्या... मागच्या."

"टीमात किती जण?"

"अकरा."

"मग नंबर सत्तेचाळीस कसा? बाकीचे रांगेत हायत काय?"

मिलिंदला पोह्यांचा ठसका लागला. मी घाईघाईने विषय बदलला आणि रनिंग बॅकचं मोठेपण सांगायला लागलो. मासिक तोंडपाठ होतं ना! बोलता बोलता कधी 'तो'चा 'आम्ही' झाला, माझं मलाच कळलं नाही.

"आम्हाला चारी बाजूंनी धडका बसतात. अंगावर माणसांचा ढीग पडतो. तिशीपर्यंत करिअर, मग गुडघे कामातून जातात."

सुजाताच्या आईने हळूच विचारलं, "तुमचं वय किती म्हणालात?"

"एकोणतीस."

"अगं बाई! म्हणजे पुढच्या वर्षी?"

वडिलांनी माझ्या गुडघ्यांकडे असं पाहिलं, जणू जुनी सायकल विकत घेतायत. स्थळ निसटायला लागलं होतं. मी ताडकन उठलो.

"छे, छे! माझे गुडघे उत्तम आहेत!"

"मग दाखवा की पळून," काका म्हणाले.

झालं! सगळं घर अंगणात. बॉल कुठला आणणार? परसातली पिकलेली पपई आली. मी ती बगलेत दाबली. समोर सुजाताचे दोन चुलतभाऊ उभे. मी जीव खाऊन सुटलो! पाहुण्याला हात कसा लावायचा म्हणून दोघेही अदबीने बाजूला झाले. मला वाटलं, घाबरले! आणखी जोर चढला.

पण रनिंग बॅकने थांबायचं कुठे, हे मी विसरलोच होतो. समोर स्वयंपाकघराचं दार, आणि दारातून चहाचा ट्रे घेऊन सुजाता बाहेर येत होती.

"थांबा! थांबा!" सगळे ओरडले.

तिने ट्रे आईच्या हातात दिला, पदर खोचला, खाली बसली आणि माझा घोटा धरला. बस्स, एवढंच! पुढच्या क्षणी मी पालथा, पपई माझ्या खाली, आणि तिच्या बिया पार भुवयांपर्यंत.

"कॉलेजात कबड्डीची कॅप्टन होती आमची," काका अभिमानाने म्हणाले.

कोणी हसलं नाही हो! ते हसले असते तर परवडलं असतं. मिलिंदने मला उठवलं, नळावर नेलं, आपल्या रुमालाने तोंड पुसलं. सुजाताने साबण आणून त्याच्या हातात दिला.

"तुम्ही पण खेळता?" तिने विचारलं.

"नाही," मिलिंद म्हणाला, "मी नुसता पोहे खायला आलोय."

आता ती खळखळून हसली. मी त्या हसण्याचा अर्थ लावला की माझ्यावरचा राग गेला! काय म्हणावं या अकलेला?

आठ दिवस मी वाट पाहिली. नवव्या दिवशी आत्या आली, खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मुलीला मुलगा पसंत आहे."

मी उडीच मारली!

"तू नाही रे. तुझ्याबरोबरचा. त्याचं लग्न झालंय का, विचारतायत."

डोकंच फिरलं. तसाच धावत मिलिंदच्या घरी निघालो. मित्र आहे, नाही म्हण म्हटलं तर नाही म्हणेल, शेवटी दोस्तीला काही किंमत आहे की नाही? धापा टाकत दार ढकललं, तर समोर सुजाताचे वडील आणि काका बसलेले, हातात पोह्यांच्या बशा. मिलिंद नव्या शर्टात, मान खाली घालून.

"बरं झालं आलात," तिचे वडील म्हणाले. "यांना तुम्ही लहानपणापासून ओळखता. खरं सांगा, मुलगा कसा आहे?"

मी मिलिंदकडे पाहिलं. त्याने एकदाच वर पाहिलं, आणि माझा सगळा राग विरला.

"मुलगा हिरा आहे," मी म्हणालो. "काहीही खेळत नाही."