मोगऱ्याची बाटली

नेकनूरच्या विठ्ठलरावांच्या घरात काही म्हणून कमी नाही. गाव त्यांना अण्णा म्हणतं. सून तेजश्रीवर त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणून तिचं दुःख सांगायला गेलं की लोक आपल्यालाच वेड्यात काढतात. काढू देत. मी सांगणार.

मी मंगल, गावातल्या बचत गटाची सचिव. तेजश्री गटात आली ती मेणबत्त्या घेऊन. मोबाइलवर बघून शिकलेली. मागच्या खोलीत पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून मेण वितळवायची आणि लिंबागणेशहून मागवलेल्या मातीच्या वाट्यांत ओतायची. वात मधोमध राहावी म्हणून खराट्याची काडी आडवी लावायची. मोगऱ्याचं अत्तर मात्र मेण जरा निवल्यावरच.

"कडकडीत मेणात घातलं की वास उडून जातो, मंगलताई. लई सबुरी लागती," ती मलाच शिकवायची.

सबुरी तिला भरपूर होती. लग्नाला सहा वर्षं झाली, पण एकटीनं बीडची एसटी काही धरली नव्हती. बाहेर जायचं तर घरची गाडी, ड्रायव्हर आणि शेजारी सासूबाई. बीडला मार्चमध्ये बचत गटांचं प्रदर्शन भरतं, तीन दिवस. तिथं टेबलामागं उभं राहायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"अनोळखी माणसानं इचारावं, ताई, हे कुणी केलं म्हणून. अण्णांची सून म्हणून न्हाई."

मी तिचं नाव नोंदवलं. आठ दिवसांत अण्णांचं बोलावणं आलं. चहा आला, चिवडा आला.

"मंगल, आमच्या घरची सून बाजारात उभी राहून मेणबत्त्या इकणार? कावून? सगळा माल मीच घेतो. त्याच आठवड्यात माझा वाढदिवस हाय, दोनशे वाटून टाकू. पोरीचं कौतुक बी होईल." मग बशी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "अन् तुमच्या गटाच्या खोलीवर नवे पत्रे टाकून देऊ. लई गळती म्हणं."

नाही म्हणायला पाहिजे होतं. तोंडात चिवडा होता. तो गिळला आणि उठले. आजही स्वतःची चीड येते.

तेजश्रीनं रडारड केली नाही. "दोनशे म्हणले?" एवढंच विचारलं आणि मेणाच्या लाद्या फोडायला बसली. पंधरा दिवस तिच्या खोलीतली शेगडी बंद नव्हती. वाट्या तयार झाल्या, तसा अण्णांच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येकीवर अण्णांचा हात जोडलेला फोटो चिकटवला.

वाढदिवसाला मांडव गच्च भरला. अण्णांच्या गळ्यात मोगऱ्याचे हार पार कानापर्यंत आले होते. त्यांनी एक वाटी नाकाशी नेली आणि माइकवर म्हणाले, "काय घमघमाट हाय! आमच्या सूनबाईंनी केल्यात!" मग काय, ज्याच्या त्याच्या हातात वाटी आणि वाटीत नाक. सगळे वा वा म्हणाले. मीही म्हणाले. तेजश्री डोक्यावरचा पदर सावरत स्टेजच्या कडेला उभी होती.

दिवेलागणीला मी माझी वाटी घरात पेटवली. वात जळली, मेण वितळलं, पण वास नुसता तापल्या मेणाचा. मला वाटलं, पडसं झालं असेल. लेकीला हुंगायला सांगितलं. आरोही म्हणाली, "आई, ही तर साधीच हाय की."

दुसऱ्या दिवशी मी तेजश्रीकडे गेले. दार लोटून विचारलं, "तेजश्री, वास कुठाय गं?"

तिनं कपाटातल्या साड्यांखालून मोगऱ्याच्या अत्तराची नवी बाटली काढली. झाकणाचं सीलही फोडलेलं नव्हतं.

"ह्यो अण्णांचा न्हाई. राखून ठिवलाय. पुढच्या साली स्टॉल लावीन तवा घालीन." मग तिला हसू फुटलं. "दोनशे जणांनी हुंगलं ताई, एकाला बी कळलं न्हाई!" हसता हसता तिचे डोळे भरून आले. केवढी हिंमत केली होती तिनं, आणि ती कुणापर्यंत पोचलीच नव्हती.

बाटली माझ्या हातात होती. मागे बारीक अक्षरात मुदत छापलेली, येत्या डिसेंबरपर्यंत. प्रदर्शन मार्चमध्ये असतं, अण्णांच्या वाढदिवसाच्याच आठवड्यात.

"ठिवू ना, ताई?" तिनं विचारलं.

गटाच्या खोलीवर नवे पत्रे बसलेत, आता गळत नाही. मी बाटली तिच्या हातात दिली आणि त्या दिवशी चिवड्याच्या बशीपुढं बसले होते तशीच गप्प बसले.