दिसलं ते सांग

भुईगावातल्या आमच्या शेजारच्या हवालदारमामांना मामींनी एकदा मासळी आणायला पाठवलं. मामा अर्ध्या तासात रिकामी पिशवी घेऊन परतले आणि ओटीवर ताठ उभे राहून म्हणाले, "विकणाऱ्या तिघी. बोंबील दोन टोपल्या. पापलेट चार, ती पन कालची." मामींनी कपाळावर हात मारला. "आनायला धाडलं, तर हे बघूनच आले."

यात मामांचा तरी काय दोष? सारी नोकरी लष्कराच्या टेहळणी तुकडीत झालेली. फौजेच्या पुढे चार जणांनी जायचं, डोंगरापलीकडे माणसं किती, वाट कुठली, पाणी कुठे, ते बघायचं आणि चाहूल लागू न देता परत येऊन सांगायचं. लहानपणी आम्ही मोठ्या आशेने विचारलं होतं, "मामा, तुम्ही शत्रू किती मारले?"

"एकपन नाय. गोळी सुटली म्हणजे आमचं काम फसलं."

आमचा अगदी हिरमोड झाला.

'वाटतं' या शब्दाशी त्यांचं उभं वैर होतं. फाटकाशी कुणी आलंय वाटतं, असं मी म्हणाले की लगेच, "दिसलं ते सांग. तुझ्या वाटन्यावर मागची मानसं चालतील नि मरतील." मी शाळेत शिकवायला लागले तरी ही उलटतपासणी सुटली नाही. कधी कधी मला त्यांचा रागच यायचा.

मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदूने गाठलं. मामींचे गुडघे धरलेले, म्हणून डॉक्टरांकडे सोबत मी गेले. डॉक्टर गोड बोलले, थेंब चालू ठेवा म्हणाले. परतताना रिक्षात मामांनी विचारलं, "तो बोलत होता तेव्हा काय दिसलं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण या माणसापुढे जीभ रेटेना. "तुमच्याकडे बघत नव्हते. तोच कागद दोनदा उलटला. मग नुसता चष्मा पुसत राहिले."

केळीच्या वाड्या मागे पडल्यावर मामा म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. म्हणजे नजर जानार." मला रडू आवरलं नाही. त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

नजर गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी किनाऱ्यावर फेरी मारून त्यांना खबर देत असे. होड्या किती, ओहोटी कुठवर, सुरूच्या बनात कोण. मामी आतून पुटपुटायच्या, "झाली यांची लढाई सुरू."

यंदा मामा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी पहिल्यांदाच किनाऱ्यावर गेले आणि येताना त्यांच्या फाटकासमोरून मान खाली घालून निघाले. ओटीवरून मामींनी हाक मारली.

"काय दिसलं गो?"

मी पायरीवर बसले. "होड्या सहा. ओहोटी लागलीय. बनात दोन कुत्री." मग म्हणाले, "मामी, मामा ओटीवर वाट बघतायत असं वाटलं."

मामींनी मला अडवलं नाही.

"मलापन वाटतं," त्या म्हणाल्या.