तिसऱ्या हाकेआधी

आमच्या इंझोरीत भर दुपारी शेतातून हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. बाहेरचं काही असेल तर ते दोनदाच बोलावतं, तिसरी हाक माणसाची, असं मानतात. मी यावर भरपूर हसले आहे. बाबा दुपारी विहिरीवरून आईला हाक मारायचे, "अवंऽऽ". तिचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलं नाही. आई तिसऱ्या हाकेलाच उठायची आणि फडक्यात भाकरी बांधून निघायची.

बाबा पोळ्याच्या सुमारास गेले, त्याच विहिरीच्या काठावर, छातीत कळ येऊन. मी पुण्यातली खोली सोडली, लॅपटॉप उचलला आणि घरी आले. पाऊस सरला, आभाळ मोकळं झालं, आणि एका दुपारी आई मेथीची जुडी हातात तशीच धरून दाराबाहेर बघत बसलेली दिसली.

"काय झालं वं आई?"

"तुया बाबानं आवाज देल्ला. दोनदा."

"मंग?"

"मंग काय? तिसऱ्याची वाट पाहून राह्यली. आला का जाईन मी त्यायच्याकडे."

हे तिनं दळण आणायला जाईन म्हणावं इतक्या सहज सांगितलं. विहिरीला कठडा नाही.

दुसऱ्या दिवशी मी कानातले हेडफोन काढून बसले. ऊन डोक्यावर आलं आणि मलाही ऐकू आलं. बाबांचाच आवाज. एकदा नीट, एकदा खोल गेल्यासारखा. मग नुसता वारा. मी एवढी हसणारी बाई, पण त्या उन्हात विहिरीकडे गेले नाही. संध्याकाळी जाऊन आले, तर विहीर, कडुलिंबाचं झाड आणि बगळे. दुसरं काही दिसलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या कामातही भलतंच सुरू झालं. मी एका कंपनीचं क्लस्टर सांभाळते. म्हणजे अनेक यंत्रांवर शेकडो छोटे प्रोग्रॅम एकत्र नांदतात. त्यांना एकमेकांची नावं ठाऊक असतात, पत्ते नसतात. नाव विचारलं की पत्ता सांगणारी एक सेवा असते, डीएनएस. विचारणारे वाढले की तिच्या प्रती आपोआप वाढाव्यात, ओसरले की कमी व्हाव्यात, ही सोय मीच बसवली होती आणि मला तिचा फार तोरा होता.

तर त्या प्रती वाढत होत्या. गिऱ्हाईक नेहमीइतकंच आणि प्रती वाढतच चाललेल्या. आत डोकावले तर सगळ्या एकाच नावाला उत्तर देत होत्या. ते नाव आम्ही कधीच बंद केलेल्या एका सेवेचं. असं कोणी नाही, असं उत्तर जायचं, की तेच नाव वेगवेगळी शेपटं लावून पुन्हा विचारलं जायचं. जितके सांगणारे जास्त, तितकं उत्तर लवकर आणि तितकं विचारणं जास्त. माझ्या हुशार सोयीला फक्त हाका मोजता येत होत्या. मेलेल्याला कोण बोलावतंय, हे बघायचं तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी सापडलं. त्या बंद सेवेला बोलावणारं एक जुनं काम कोपऱ्यात कुठेतरी आपोआप चालू राहिलं होतं. ते लावणारा माणूस नोकरी सोडून गेलेला, आणि बंद करायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी ते बंद केलं. प्रती हळूहळू ओसरल्या. मी पडद्याकडे बघत बसले आणि मग तशीच उठून विहिरीकडे चालायला लागले.

लिंबाच्या फांदीत, पानांच्या आड, भोंगा होता. रानडुकरं हाकलायला माणसाचा आवाज भरून लावतात तो. बाबांनी मंगरूळपीरहून आणला होता. वर सोलरची छोटी प्लेट, धुळीनं माखलेली. पावसाळाभर ढगाळ हवेत तो निपचित पडलेला, आता ऊन मिळालं की दुपारी तेवढा जिवंत व्हायचा आणि मरत आलेली बॅटरी दोन हाकांत संपायची. आवाज भरताना बाबांनी भूक लागून आधी नेहमीसारख्या आईला हाका मारल्या असणार आणि मग "हाऽड, हाऽड" केलं असणार. त्या हाकाही आत राहून गेल्या. झाडाखाली बसून मी हसले आणि मग खूप रडले.

भोंगा काढून मी पोत्यात घालून माळ्यावर टाकला. आईला काही बोलले नाही.

दुसऱ्या दुपारी हाक आली नाही. त्यानंतरही नाही. आई अर्ध्या भाकरीवर आली, मग चहावर. वांग्याला पाणी देणं सोडलं. आधी ती दाराशी बसून तिसऱ्या हाकेची वाट बघायची. आता भिंतीकडे तोंड करून निजायची. विचारणारा गेला की प्रती ओसरतात, तशी आई माझ्यासमोर ओसरत होती.

"गेले वाट्टे ते," एक दिवस ती म्हणाली. "मीच पाहून येतो विहिरीवर."

त्या दिवशी मी तिला हात धरून बसवलं, आणि ती झोपल्यावर भोंगा परत लिंबावर बांधला. पण मला एकाच गोष्टीची भीती होती. एखाद्या कडक उन्हात बॅटरी चांगली भरली आणि तिसरी हाक आली तर? म्हणून मी बांधावरची ओली माती घेऊन अर्ध्या प्लेटवर थापली. मग रोज सकाळी तेच. दोन हाकांपुरतं ऊन आत जाऊ द्यायचं, बाकीचं नाही.

आई पुन्हा जेवायला लागली. दुपारी दोन हाका ऐकायची, थोडं थांबायची आणि कामाला लागायची.

काल माझी मीटिंग लांबली आणि सकाळचं राहून गेलं. ऊन डोक्यावर यायला आलं तशी आई दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिनं आभाळाकडे पाहिलं.

"ऊन लई कडक हाय आज," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? जाय ना माय, त्या पलेटीले माती लावून ये. कालची वाळून पडली असन." तिनं कोपऱ्यातला विळा उचलला. "मले तूर सोंगाची हाय आजून."

मी चप्पल न घालताच धावले.