सरांच्या चौकोनातला धान

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात किस्से तणासारखे उगवतात. कोणी पेरत नाही आणि निंदून संपतही नाहीत. रामटेके सर रिटायर झाले, तरी दुपारचा चहा आला की गाडी त्यांच्यावरच येते. मला तर अजून त्यांच्या खुर्चीवर बसवत नाही.

*

सरांचं म्हणणं होतं, आपल्याकडचा जुना देशी धान युरियाशिवायही भरपूर पिकतो. ते सिद्ध करायला त्यांनी लाखांदूरकडच्या एका गावात, डोमाजीभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, चौकोन आखले. कोपऱ्यांवर लाल झेंड्या लावल्या. त्यासाठी स्टाफरूमचा पडदा कामी आला.

प्राचार्यांनी विचारलं, "पडदा कुठे गेला?"

सर म्हणाले, "रिसर्चला."

*

पेपर बाहेरच्या जर्नलमध्ये छापून आला. सरांनी पेढे वाटले आणि एक प्रत डोमाजीभाऊंना नेऊन दिली. भाऊंनी ती फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावली. इंग्रजीतलं काय समजलं, असं मी विचारलं.

"गावाचं नाव दिसून राहिलं ना, बस झालं."

*

मग कोणीतरी जर्नलला कळवलं की बिनखताचा धान इतका होऊच शकत नाही. चौकशी समिती बसली. सरांनी आकडे घरी बसून बनवले, अशी कुजबुज कॉलेजात सुरू झाली. आयुष्यभर मुलांची प्रॅक्टिकल बुकं कडक तपासणारा माणूस डबा न उघडताच घरी न्यायला लागला. फार वाईट दिवस होते ते.

समिती थेट बांधीवर पोचली. सर मान खाली घालून उभे. आपल्या माणसावर बालंट आलेलं पाहून डोमाजीभाऊ पुढे झाले.

"साहेब, सरानं एकबी आकडा खोटा नाही लिहिला. झेंडीवाल्या चौकोनात आमीच युरिया टाकत होतो, सराले मालूमच नाही. एवढ्या दुरून एसटीनं येते माणूस. त्याचाच धान मरतुकडा दिसला त गावाची इज्जत काय राहिली?"

सर सुटले, पेपर बुडाला.

*

नजरचूक म्हणून दुरुस्ती छापा, असं आम्ही सुचवलं. सरांनी ऐकलं नाही. पेपर मागे घेतो, असं स्वतःच कळवून टाकलं. मग गावात जाऊन तेही सांगितलं. भाऊंनी फ्रेम उतरवून त्यांच्या हातात दिली. सरांनी ती परत खिळ्याला लावली.

*

रिटायरमेंटआधीचा शेवटचा हंगाम. सरांनी प्रयोग पुन्हा मांडला. एवढा एक पेपर खरा करून जायचं होतं त्यांना. माझ्या चौकोनात युरिया नको, असं हात जोडून सांगितलं. वर खबरदारी म्हणून झेंड्याच लावल्या नाहीत.

कापणीला मीही गेलो होतो. धान असा तरारलेला की सर बांधावरच थबकले.

"भाऊ, काही टाकलं काय?"

डोमाजीभाऊ खुशीत होते.

"मागच्या खेपेले तुमच्याच चौकोनात टाकलं म्हणून बोभाटा झाला ना, सर? यंदा साऱ्या बांध्यायले सारखं टाकलं. आता कोण नाव ठेवते पाहू!"