सावद्याची केळी आणि ‘औषध’ नावाची भानगड

सावद्याहून नानांचा फोन आला, “सुधा, तू ते परदेशी व्यापाराचे कायदे शिकवती नं? मंग ये बरं. हॉलंडची बाई आपला बाग पाहाले येऊ राहिली.” नाना म्हणजे माझे सख्खे मामा. केळीवाले. मी तेव्हा पुण्यात कायद्याच्या कॉलेजात शिकवायचे. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, जागतिक व्यापार संघटना नवीकोरी होती, आणि तिचा करार मला तोंडपाठ असल्याची थोडी मिजासही होती. बॅग भरली आणि निघाले.

पुण्याहून भुसावळपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा; उन्हाळ्यात खानदेश माणसाला भाजून काढतो. तापीचा पूल ओलांडून फैजपूर आलं की दोन्ही बाजूंना नुसती केळी आणि समोर सातपुड्याची निळी रेघ. एसटीचं तिकीट किरकोळ, पण धक्के भरपूर. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका.

घरी पोचले तर नानांना जेवण जात नव्हतं. सावद्याचा माल तेव्हा सगळा उत्तरेकडे जायचा. ट्रक आले नाहीत तर घड बागेतच पिकून पडायचे आणि भाव ठरवणारे दुसरेच. नानांनी वर्षभर गावातल्या बागायतदारांच्या मागे लागून त्यांना एकत्र आणलं होतं. एक कंटेनर नमुन्यादाखल युरोपात गेला की कायमचा रस्ता उघडणार होता. “हे हुकलं,” मामी हळूच म्हणाली, “तं पुन्हा कोनी यांचं आयकनार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. तिकडच्या दुकानांसाठी फळं खरेदी करणाऱ्या हॉलंडच्या बाई उंच, अबोल, पायात गमबूट. सोबत मुंबईचे निर्यातदार प्रकाशभाई, तेच दुभाषे. बाईंच्या देशात फळावर कीटकनाशकाचा अंश किती चालतो याचा कडक कायदा, आणि त्यांच्या दुकानांची अट त्याहून कडक: काढणीच्या आधी महिनाभर घडावर कीटकनाशक नको. त्या प्रत्येक घडाला हात लावून पाहत होत्या, वास घेत होत्या. आम्ही सगळे मागे मागे.

एका घडापाशी थांबून त्यांनी इंग्रजीत विचारलं, की गेल्या महिन्यात यावर कीटकनाशक मारलंत का? प्रकाशभाईंनी मराठी केलं, “नाना, महिन्याभरात घडाला औषध मारलं का?”

नानांची छाती फुगली. “मारलं नं! दोन खेपा. चांगलं कडक मारलं.”

प्रकाशभाईंचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग बाईंकडे वळून ते इंग्रजीत म्हणाले, “नाही म्हणतात. काहीच मारलेलं नाही.”

खोटं बोलले होते, आणि ते कळणारी तिथे मी एकटीच होते. माल तिकडच्या प्रयोगशाळेत पकडला गेला असता तर अख्ख्या सावद्याला दार बंद. मला गप्प राहवेना. “नाना, कोणतं औषध?”

“निंबोयीचं! रातभर भिजवाचं, वाटाचं, फडक्यातून गायाचं, त्यात साबन. दुसरं कोनतं?”

आपल्याकडे शेतात फवारलं ते सगळं औषधच. जहाल विष असो की घरचा निंबोळीचा अर्क, शब्द एकच. हायसं वाटून मी ते सगळं, दोन खेपांसकट, बाईंना इंग्रजीत सांगून टाकलं. प्रकाशभाई दात ओठ खात पुटपुटले, “ताई, तुम्ही मध्ये पडू नका.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “निंबोळीला माझी हरकत नाही,” त्या प्रकाशभाईंना म्हणाल्या. “पण तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा ती निंबोळी आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

प्रकाशभाई बुटाच्या टोकाने माती उकरू लागले. नाना एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. “काय झालं वं? मी काही वंगाळ बोललो का?”

बाई आता माल नाकारणार असं वाटून मी तो व्यापाराचा करार काढला. शास्त्रीय आधाराशिवाय माल अडवता येत नाही, आरोग्याच्या नावाखाली व्यापाराला छुपी आडकाठी चालत नाही, सगळं तावातावाने ऐकवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “तो करार सरकारांना बांधतो. मी सरकार नाही, गिऱ्हाईक आहे.” तरी त्यांनी तपासणीसाठी फण्या कापून घेतल्या, आणि आम्ही त्या फण्यांवर आस लावून बसलो.

दुपारी मामीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं ते भरीत तिथे जाऊन खायलाच हवं, पण त्या दिवशी आम्ही सगळे ताटात नुसते चिवडत बसलो. बाईंनी मात्र दोनदा मागून घेतलं. त्यामुळे मला उगाच आशा वाटली.

पुण्याला परतले. काही आठवड्यांनी नानांचा फोन आला. तपासणीत फळ एकदम स्वच्छ निघालं होतं. विषाचा मागमूस नाही. कंटेनर मात्र रद्द. ज्या निर्यातदाराच्या शब्दाची खात्री नाही त्याच्याकडून माल घेणार नाही, असं बाईंनी कळवलं होतं. आणि दुसरा निर्यातदार सावद्याकडे फिरकला नव्हता.

मी रडकुंडीला आले. न बोलते तर? फळ तर पास झालंच असतं. आजही तशी वेळ आली तर मी बोलेनच, पण त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला. नाना रागावले नव्हते, तेच जास्त लागलं.

“मले एक सांग सुधा,” ते म्हणाले, “तुले कायदा समजते म्हनून इचारतो. मी खरं बोललो. तू खरं बोलली. केयं बी खरं निघालं. मंग माल काहून गेला नाही?”

मी रिसिव्हर कानाला धरून उभी राहिले. पलीकडे नाना खरोखरच उत्तराची वाट पाहत होते.